एकाहत्तर दिवस हजर

सन २०४३च्या जूनमध्ये माझ्या शाळेचा पट बावीस होता. त्यातली मुलं तीन.

उरलेली एकोणीस डब्यांत होती. डालड्याच्या अर्ध्या किलोच्या डब्याएवढे करडे डबे, वर जाळी, पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर. चार ते बावीस. बसकरपट्ट्यांवर ओळीने मांडलेले. मी 'पाच साते किती' विचारलं की कधी सात नंबर पस्तीस म्हणायचा, कधी सोळा नंबर चाळीस म्हणायचा, आणि मागून कुणीतरी फिसकन हसायचं. हसणाराही डबाच.

भीती नाही वाटली का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. सुरुवातीला नाही वाटली. सरकारी शाळेत सत्तावीस वर्षं काढली की कागदावर असलेल्या पण डोळ्यांना न दिसणाऱ्या पोरांची सवय होते.

मी रंगनाथ मुसळे. खरवडपाड्याच्या शाळेचा मुख्याध्यापक, चारही इयत्तांचा एकमेव मास्तर आणि उन्हाळ्यात कौलं शाकारणाराही मीच. जव्हारचा घाट चढून आलं की डांबर संपतं, तिथून पाऊण तास चालायचं. व्हरांड्याच्या भिंतीवर पटसंख्येचा फलक आहे. दरवर्षी जूनमध्ये मी तो ऑइलपेंटने रंगवायचो. मी आलो तेव्हा चौसष्ट. २०२२ला सत्तेचाळीस. २०२९ला एकतीस. २०३६ला एकवीस. जुना आकडा खरवडून काढला तरी खालून दिसत राहायचा, म्हणून पुढे पुढे मी नुसता वरूनच रंग मारायचो. आताच्या आकड्याच्या आत नीट बघितलं तर चौसष्ट दिसतात अजून.

पट का घटला हे सांगायला दरवर्षी एक समिती यायची, चहा प्यायची, जायची. कारण पाड्यावरच्या कोंबडीलाही ठाऊक होतं. पोरं कमी जन्मत होती. ज्यांची थोडी ऐपत होती त्यांची पोरं पिवळ्या बसने घाटाखालच्या इंग्रजी शाळेत जात होती, एका खोलीत सत्तर. उरलेली दिवाळी झाली की आईबापाबरोबर वीटभट्टीवर. इथे तीन, तिथे सत्तर. खातं दोन्ही आकडे मिळवायचं, दोनाने भागायचं आणि राज्यातला सरासरी वर्ग कसा आटोपशीर आहे ते रंगीत कागदावर छापायचं.

मग डबे आले.

ते घेऊन आलेली इंजिनिअर पोरगी भंडाऱ्याकडची, मृणाल उके. पाठीवर पिशव्या लादून पाऊण तास चालून आली, घोटभर पाणी प्यायली आणि कामाला लागली. समितीवाल्यांपेक्षा बरी. तिला मी विचारलं, हे खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं? तर ती फतकल मारून बसली आणि तिने मला समजावलं.

कुठल्याशा प्रयोगशाळेत मुलांच्या डोक्यावर तारा लावलेल्या टोप्या घालून मेंदूतल्या लहरी मोजल्या होत्या. त्यात असं दिसलं की मास्तर बरोबर उत्तर सांगतो तेव्हा पोराच्या मेंदूत फारसं काही हलत नाही. पण शेजारचं पोर चुकीचं उत्तर देतं, त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या मेंदूत एक लहर उसळते. चूक पकडण्याची लहर. ती उसळली की बरोबर उत्तर पक्कं बसतं. म्हणजे मूल शिकतं ते दुसऱ्या मुलाच्या चुकीतून. मोठ्या माणसाने मुद्दाम चुकून दाखवलं तर लहर येत नाही. चुकणारा आवाज पोराचा हवा आणि चूकही पोराचीच हवी. वर्गात सत्तर असली की चूक ऐकूच येत नाही. दोन-तीन असली तर चुकाच पुरत नाहीत. वीस-बावीसचा वर्ग सगळ्यात चांगला.

आता राज्यातल्या निम्म्या शाळांचा खरा पट वीसच्या खाली. पोरं आणणार कुठून? म्हणून चुकणारे आवाज आणले.

आवाज कुठले, असं मी विचारलं.

"इथलेच, सर," ती म्हणाली. "दहा वर्षांपूर्वी भिंतीवर हजेरीयंत्र बसवलं होतं ना, त्यात सगळं साठलंय. कोण कसं वाचतं, कोण कुठे चुकतं, हजेरीला कसा ओ देतं. ते सगळं एकमेकांत मिसळून नवी मुलं केलीत. कुणा एकाचा आवाज ओळखू येणार नाही."

हजेरीयंत्राचं नाव निघाल्यावर मी जरा सावध झालो. पण तेवढ्यापुरताच. ती गेल्यावर मी डब्यांची नावं वाचली. खात्याने दिलेली नावं. आर्यन, प्राची, अद्विक. पाड्यावरच्या कुणाचंही असलं नाव मी सत्तावीस वर्षांत पटावर लिहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी साडेदहाला हजेरी घेतली. खरी पोरं तीन: रोहिदास वरठा, त्याचा धाकटा भाऊ विजू आणि पहिलीतली रेवती तुंबडा. तिघांनी ओ दिला. मग डब्यांची पाळी. चार नंबर. पाच नंबर. सगळे हजर, कुणी लाडात, कुणी घोगऱ्या आवाजात. मी मान खाली घालून टिकटिक करत होतो.

"अकरा. प्राची."

"हजर गुरुजी."

आणि त्याच्या मागोमाग, अगदी बारीक, एक हॉर्न. पँ. अर्धाच, कापल्यासारखा.

माझ्या हातातला पेन तिथेच थांबला. स्वयंपाकखोलीत खिचडी शिजवणाऱ्या लाडकीच्या, म्हणजे रेवतीच्या आईच्या, हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

*

तो आवाज मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? तो मीच भरला होता.

हजेरीयंत्र बसवलं तेच मुळी बोगस पटाच्या बोंबा झाल्या म्हणून. मास्तर खोटी टिक मारतो, तर मास्तराचा हात मध्ये नको. यंत्र नाव घेणार, पोराने स्वतःच्या तोंडाने 'हजर गुरुजी' म्हणायचं, यंत्र आवाज ओळखून नोंद करणार. वर नियम असा की महिनाभर पट वीसच्या खाली गेला की शाळेला कुलूप. हा नियम करणाऱ्यांनी दिवाळीनंतरचा आदिवासी पाडा कधी पाहिला नव्हता, किंवा पाहूनच केला होता.

मास्तर लोकांनी दोन महिन्यांत तोड काढली. भट्टीचा टेम्पो पाड्यावर आला की आम्ही मोबाइल घेऊन तिथे हजर. पोराला म्हणायचं, बोल रे, हजर गुरुजी. की झालं. रोज सकाळी तो मोबाइल यंत्रापुढे धरायचा. आमच्या भागातल्या प्रत्येक मास्तराच्या मोबाइलमध्ये अशी दहा-पाच पोरं होती. आम्हाला त्यात पाप वाटत नव्हतं. शाळा टिकली तर जूनमध्ये परत आलेल्या पोरांना शाळा राहील, असा आमचा हिशोब. तो हिशोब खोटा नव्हता, हेच वाईट आहे.

२०३६च्या नोव्हेंबरात माझ्या एकवीसपैकी नऊ पोरं गेली. त्यात तिसरीतली सुगंधा तुंबडा. लाडकी आणि रघ्याची थोरली. वाचायला तरबेज, वजाबाकीत मात्र हटकून एकच चूक करायची. बेचाळीसातून सतरा गेले की तिचे पस्तीस उरायचे, कारण सातातून दोन काढायचे हे तिला सोपं वाटायचं. टेम्पोत गाठोड्यांवर बसली होती. मी मोबाइल वर धरला. ती म्हणाली, "हजर गुरुजी," आणि ड्रायव्हरने हॉर्न मारला. पुन्हा भरून घ्यायला वेळ नव्हता. तेवढाच राहिला.

एकवीस नोव्हेंबरपासून सुगंधा रोज हजर होती. मी खडूने तारीख लिहीत असायचो आणि डाव्या हातात मोबाइल. हजर गुरुजी. पँ.

फेब्रुवारीच्या बारा तारखेला, गुरुवारी, दुपारी मला एक फोन आला. पलीकडच्या माणसाने नाव सांगितलं नाही, नुसतं विचारलं की सुगंधा रघ्या तुंबडा तुमच्या शाळेत आहे का. त्या आठवड्यात पटपडताळणीचं पथक फिरत होतं. आम्हाला आधीच निरोप आलेला, की पथकवाले भलतीच ओळख सांगून फोन करतात, सावध राहा. मी सावध राहिलो.

"आहे की," मी म्हणालो. "आज हजर आहे. आत्ता पाढे म्हणतेय."

पाढे म्हणतेय हे मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

तो माणूस बरं म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. तो भट्टीजवळच्या, खाडीकाठच्या चौकीचा हवालदार होता. त्या सकाळी कच्च्या विटांची रास कोसळून तिच्याखाली एक पोर गेली, अशी कुणीतरी तिथे खबर दिली होती. भट्टीवाला म्हणाला, माझ्याकडे पोरं नसतातच, त्या मुलीचं नाव सांगता ती तर गावाला शाळेत आहे, विचारा हवं तर. त्यांनी विचारलं. मी सांगितलं. प्रकरण मिटलं. पोरीला संध्याकाळच्या आत खाडीच्या चिखलात पुरलं. मेली ते कुठेच लिहिलं गेलं नाही, कारण ती मेली तेव्हा शाळेत पाढे म्हणत होती.

लाडकी आणि रघ्या रविवारी परत आले, तेव्हा मला कळलं. म्हणजे शुक्रवारी आणि शनिवारीही मी तिची हजेरी लावली. मेल्यावर दोन दिवस ती हजर होती. एकूण एकाहत्तर दिवस. एकदाही गैरहजर नाही.

पुढच्या वर्षी रघ्या एकटाच भट्टीवर गेला तो परत आलाच नाही. लाडकी शाळेत खिचडी शिजवायला लागली. सुगंधा गेली त्याच वर्षी पावसाळ्यात तिला रेवती झाली होती. सात वर्षं ती बाई माझ्यासमोर चुलीपाशी बसली आणि सुगंधाचं नाव तिने काढलं नाही. मीही नाही. तिला माझ्या मोबाइलचं माहीत नाही, असं मी धरून चाललो होतो.

*

पहिल्या दिवसानंतर लाडकी रोज साडेदहाला खिडकीशी उभी राहायला लागली. हातात उलथनं, तोंडावर काही नाही. अकरा नंबरचा ओ झाला की परत चुलीकडे. मी एकदा अकरा नंबर वगळून पुढे गेलो, तर ती खिडकीतून हललीच नाही. शेवटी मला मागे येऊन ते नाव घ्यावं लागलं.

वजाबाकी शिकवली त्या दिवशी मी मुद्दाम बेचाळीसातून सतरा दिले नाहीत. त्रेपन्नातून एकोणीस दिले. अकरा नंबर म्हणाला, शेहेचाळीस. नवातून तीन.

मृणालला फोन करून मी कळवलं की एक आवाज नीट मिसळलेला नाही. तिने तिकडून तपासलं. म्हणाली, यंत्राने जास्त हजेरीची मुलं निवडली, कारण त्यांचा साठा जास्त. तुमच्या शाळेत तसं नमुनेदार मूल एकच निघालं, म्हणून अकरा नंबरात तिचाच भरणा जास्त झाला. "शंभर टक्के हजेरी होती, सर. गुणी विद्यार्थिनी दिसते." पुढे म्हणाली, काढून टाकू का? पण त्यासाठी साठा दूषित आहे असं तुम्हाला लेखी द्यावं लागेल, आणि मग चौकशी होईल.

मी म्हटलं, राहू दे.

घाबरलो, दुसरं काही नाही. चौकशी म्हणजे माझी नोकरी गेली असती हे तर आहेच. पण डब्यांचा पट धरल्याशिवाय शाळा उघडी राहत नव्हती, आणि शाळेला कुलूप लागलं तर तीन पोरांपुढे दोनच वाटा होत्या: अकरा किलोमीटरवरची शाळा किंवा टेम्पो. हे कारण मी स्वतःला रोज सांगायचो. मागच्या खेपेलाही हेच सांगितलं होतं.

रेवतीने आपली पट्टी सरकवून अकरा नंबरशेजारी घेतली. डब्याला लाल रिबीन बांधली. खिचडीचा पहिला घास जाळीपुढे ठेवायची, मग मुंग्या व्हायच्या. पोरगी शिकत मात्र होती. अकरा नंबर चुकला की ती लगेच "तसं नाय गं ताई" म्हणून बोटं मोजून दाखवायची. टोपीवाल्यांचं शास्त्र शंभर टक्के खरं होतं. एक मेलेली बहीण तिला वजाबाकी शिकवत होती.

ताई का म्हणतेस, असं मी तिला विचारलं. तिला सुगंधाबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"मोठी हाय ना ती."

"दिसते का तुला?"

"दिसल कशी? ती टेम्पोत बसलीय." माझ्याएवढा अडाणी माणूस नाही अशा नजरेने तिने पाहिलं. "हॉर्न नाय का ऐकला? टेम्पो इकडं आला का दिसल."

*

टेम्पो नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला. दरवर्षी येतो तसा.

वरठ्यांच्या घरची तयारी दोन दिवस चालली होती. रोहिदास आणि विजूला बाप नेणार होता. मी जाऊन विनवण्या केल्या, आजीकडे ठेवा म्हटलं. आजीला दिसत नाही, तुम्ही ठेवता का, असं त्याने मला विचारलं. मी परत फिरलो. मोबाइल मात्र खिशातून काढला नाही. तेवढी लाज शिल्लक होती.

त्या सकाळी मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत होतो आणि लिहिता लिहिता हजेरी घेत होतो. तीन नावांना काय लागतं, पाठच असतात. रोहिदास आणि विजू येणार नाहीत हे माहीत होतं, तरी सवयीने त्यांची नावं घेतली.

"रोहिदास वरठा." "हजर गुरुजी."

"विजू वरठा." "हजर गुरुजी."

मनात आलं, बापाचं मन पालटलं वाटतं. बरं झालं.

"रेवती तुंबडा."

"हजर गुरुजी." रेवतीचाच आवाज, शेवटच्या अक्षरावर हेल काढणारा. आणि हॉर्न.

अकरा नंबरचा हॉर्न इतका अंगवळणी पडला होता की मी पुढचा अंक लिहिला. मग हॉर्न पुन्हा वाजला. लांबलचक, पूर्ण. डब्यातला हॉर्न कधीच पूर्ण वाजत नाही. हा खिडकीतून आला होता.

मी वळलो. वर्गात एकही पोर नव्हतं. एकोणीस डबे बसलेले. रेवतीच्या पट्टीवर तिची पाटी, आणि अकरा नंबरची रिबीन सोडून नेलेली.

मी तिचं नाव पुन्हा घेतलं. का घेतलं सांगता येत नाही. रिकाम्या पट्टीशेजारचा डबा तिच्या आवाजात म्हणाला, "हजर गुरुजी."

लाडकी माझ्याआधी धावली होती. ती वाटेने गेलीच नाही, नाचणीच्या खाचरातून सरळ उतरली. मी मागून, बावन्न वर्षांचा, एक चप्पल तुटलेली. टेम्पो हलला होता. लाडकी त्याच्यापुढे जाऊन उलथनं उगारून उभी राहिली. ड्रायव्हर उतरून शिव्या द्यायला लागला. म्हणाला, मला काय ठाऊक कुणाची पोर, मागं पंधरा-वीस हायेत.

रेवती गाठोड्यांच्या मध्ये बसली होती. शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा तिने धरून ठेवली होती, आणि त्या जागेवर ती लाल रिबीन. रोहिदास आणि विजू कडेला. ती रडत नव्हती. आईला म्हणाली, "ताई अजून आली नाय. थांब ना जरा."

लाडकीने तिला खाली ओढून घेतलं. वरठ्यांची पोरं घेऊन टेम्पो गेला. मला तीही थांबवता आली नाहीत.

आम्ही बांधावर बसलो. मला सांगायचंच होतं, सात वर्षं सांगायचं होतं. मी मोबाइलचं सांगितलं, हवालदाराच्या फोनचं सांगितलं. पाढ्यांचंही सांगितलं.

लाडकी रेवतीच्या केसांतली नाचणीची कुसळं वेचत राहिली.

"मला ठाव होतं," ती म्हणाली. "भट्टीवाल्यानंच ऐकवलं. माझ्या मांडीवर पोर, आणि तो बोलतो, तुजी पोर शाळेत हजर हाय, मास्तर बोलला. मग ही कोण?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, लाडकीताई?"

"ही पोटात होती." तिने रेवतीकडे हनुवटी केली. "तुमाला धरलं असतं तर शाळा गेली असती. शाळा गेली असती तर हीसुदा भट्टीवर. एक तर मातीत गेलीच होती." मग म्हणाली, "आणि आता आवाज आला तर वाटलं, ऱ्हाऊ दे. ऐकायला तरी हाय."

मी विचारलं, आता काय करू?

"तिला गैरहजर लिवा, गुरुजी. नायतर ही पण हजरच ऱ्हाईल."

*

मृणालला मी सगळं लेखी पाठवलं. खात्याला पाठवलं, खाडीकाठच्या चौकीलाही पाठवलं, तारीखवार. निलंबनाचा कागद चार दिवसांत आला, महिनाअखेरपासून. एवढं चपळ खातं मी पहिल्यांदाच पाहिलं. चौकीचं उत्तर अजून यायचंय.

मृणाल स्वतः चालत आली. या वेळी तिने पाणीही मागितलं नाही. डब्याने रेवतीच्या आवाजात ओ कसा दिला, ते तिने मला सांगितलं. यंत्र आकडे शिकत नाही, सर, ती म्हणाली, एका गोष्टीनंतर दुसरी कुठली येते ते शिकतं. दुसऱ्या शाळांत नाव घेतल्यावर कधी 'हजर' येतं, कधी शांतता. तुमच्या शाळेत दर दिवाळीनंतर अर्धी मुलं नसतात, आणि तरी नाव घेतलं की 'हजर' येतंच. "तुमच्या यंत्राला शांतता माहीतच नाही. मूल नसलं की त्याच्या जागी आपण बोलायचं, हे ते तुमच्याकडून शिकलंय."

डबा जप्त करून न्यावा लागेल, असं ती म्हणाली. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. भिंतीवरच्या यंत्रातले एकाहत्तर दिवस तसेच राहिले असते, आणि त्यातून उद्या नवी मुलं निघाली असती. ते दिवस खोडायचे तर एकच रीत: तारीख लावायची, नाव घ्यायचं आणि दहा सेकंद कुणी काही बोलायचं नाही. यंत्राला शांतता ऐकू द्यायची. एकाहत्तर वेळा.

आम्ही दुपारी बसलो. मी, मृणाल, लाडकी आणि तिच्या मांडीवर रेवती. रेवतीला लाडकीने आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. अकरा नंबरचा डबा समोर. मी खात्याने दिलेलं नाव घेतलं नाही.

"एकवीस नोव्हेंबर. सुगंधा तुंबडा."

"हजर गुरुजी," डबा म्हणाला. पँ. लाडकीने डोळे मिटले. मृणालने खूण केली, पुन्हा.

"सुगंधा तुंबडा."

या वेळी डबा बोलला नाही. मृणालने त्याचं तोंड बंद केलं होतं, पण कान उघडे ठेवले होते. दहा सेकंद किती मोठे असतात ते मास्तराला कळायला हवं, पण मला माहीत नव्हतं. वर्गात मी कधी इतकं थांबलोच नव्हतो. बाहेर कावळा ओरडला तर यंत्र म्हणायचं, 'आवाज आढळला, पुन्हा नाव घ्या.' मग पुन्हा.

डिसेंबर गेला. जानेवारी गेला. माझा घसा सुकला. रेवती ओठ घट्ट मिटून, दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. दर नावाला डब्याकडे बघायची आणि मग मान हलवायची.

"बारा फेब्रुवारी. सुगंधा तुंबडा."

सात-आठ सेकंद झाले असतील.

"मेली, गुरुजी," लाडकी म्हणाली.

यंत्र म्हणालं, 'आवाज आढळला, पुन्हा नाव घ्या.'

मृणाल उठून व्हरांड्यात गेली. लाडकीने पदराने तोंड पुसलं. "घ्या," ती म्हणाली. "आता गप बसते."

मी पुन्हा नाव घेतलं. ती गप्प बसली. मग तेरा तारीख. मग चौदा. हजेरीयंत्रात दोनच रकाने आहेत, हजर आणि गैरहजर. तिसरा रकाना मी कागदी हजेरीपटावर माझ्या हाताने आखला, त्यात लाडकीचा शब्द लिहिला, तारीख घातली आणि खाली सही केली. पाड्यावर तिच्या मरणाचा दुसरा कागद अजून नाही.

मृणालने डबे गोळा केले. शाळेला कुलूप कधी लावायचं ते वरून ठरणार होतं. महिना संपायला सहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी ऑइलपेंटचा डबा काढून फलकावरचा बावीस खोडला. लहानपणापासून मला एकचा आकडा सरळ काढता येत नाही. तो जरा तिरका आला.

साडेदहा झाले. खिडकीत लाडकी होती, हातात उलथनं. मी फळ्याकडे पाठ केली, खडू खाली ठेवला आणि मान वर केली.

"रेवती तुंबडा."

ती लगेच बोलली नाही. शेजारच्या रिकाम्या पट्टीकडे तिने एकदा पाहिलं. मी थांबलो. ओठ हलायच्या आधीपासून मी तिच्याकडे बघत होतो.